ग्लॉक १९ नंतर कमरेला काय लावावं?

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)
रोज जवळ बाळगायला बरीच वर्षं ग्लॉक १९ आहे, तिसऱ्या पिढीचं. चालण्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. मॅगझिन, होल्स्टर, सुटे भाग सगळं त्याच्यासाठीच जमवलेलं. पण ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात टी-शर्टखाली पुढच्या बाजूला लावलं की दस्त्याचं टोक कापडातून उठून दिसतं, आणि गाडीत बसलं की नळीकडचा भाग जांघेत रुततो. शिवाय आता रेड डॉट (काचेवर लाल ठिपका दाखवणारी नेमाची साइट) हवा आहे. या स्लाइडवर तो बसवायचा तर ती मिलिंगला, म्हणजे खाच कोरायला, पाठवावी लागेल.

डोळ्यासमोर तीन आहेत: ग्लॉक ४३एक्स एमओएस (डॉटसाठी खाच असलेलं), सिग पी३६५ एक्सएल आणि स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस. सिगच्याच एक्स-मॅक्रोचंही नाव सारखं कानावर येतं. हाताला बसलेली सवय मोडावी एवढा फरक खरंच पडतो का? मोजमापं आणि कारणं दिलीत तर फार उपयोग होईल.

अजिंक्यतारा
मोजमापांपासूनच सुरुवात करू, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. कपड्यातून दिसतो तो दस्ता. स्लाइड आणि नळी पँटच्या आत असतात. त्यामुळे लपवायच्या दृष्टीने पहिला आकडा उंचीचा, मग जाडीचा, आणि नळीची लांबी सगळ्यात शेवटी.

मॅगझिनसकट उंची बघा. ग्लॉक १९ साधारण ५.०४ इंच, आणि ४३एक्ससुद्धा ५.०४ इंचच. एक्स-मॅक्रो ५.२, म्हणजे तुमच्या आत्ताच्या पिस्तुलापेक्षा उंच. एक्सएल ४.८, शील्ड प्लस छोट्या मॅगझिनसह ४.६, साधं पी३६५ ४.३. आता जाडी. १९ ची स्लाइड एक इंचाची, ४३एक्सची पाऊण इंचाहून थोडी जास्त. हा फरक लहान वाटतो, पण पोटाशी तो लगेच कळतो.

तेव्हा तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या धरा. दस्ता दिसतो ही उंचीची तक्रार आहे, ती ४३एक्सने सुटणार नाही, फार तर दस्ता सडपातळ झाल्यामुळे थोडी कमी होईल. जांघेत रुततं ही होल्स्टरची तक्रार असण्याची शक्यता जास्त.

मोरपीस
आधी होल्स्टर बदला, मग पिस्तूल.

पिंपळपान (डॅलस)
मोरपीस यांचं बरोबर आहे, थोडं उलगडून लिहितो. पुढच्या बाजूला लावायच्या कायडेक्स (कडक प्लॅस्टिक) होल्स्टरमध्ये दोन गोष्टी हव्यातच. एक म्हणजे क्लॉ, ट्रिगर गार्डच्या बाजूला असलेला छोटा पंख. तो पट्ट्याला आतून टेकतो आणि दस्ता अंगाकडे वळवतो. दुसरं म्हणजे वेज, नळीच्या टोकापाशी आतल्या बाजूला चिकटवलेली मऊ फोमची उशी. ती खालचं टोक अंगापासून दूर ढकलते, त्यामुळे वरचं टोक, म्हणजे दस्ता, पोटाकडे झुकतो. बसल्यावर रुततं तेही तिच्यामुळेच कमी होतं.

वेज जाड लावली की बसताना ओटीपोटावर दाब येतो, पातळ लावली की दस्ता बाहेर पडतो. म्हणून ती वेल्क्रोने लावून दोन-तीन जाडींची करून बघावी. होल्स्टरची उंची बदलता येत असेल तर एका छिद्राने खाली-वर करा, मात्र दस्त्यावर पूर्ण पकड मिळायलाच हवी. तीन बोटांची पकड दोनवर आली तर होल्स्टर फार खाली गेलं आहे.

आणि पट्टा. साधा चामड्याचा पट्टा वजनाने दुमडतो आणि पिस्तूल बाहेर कलतं. पाव-पाव इंचाने आवळता येणारा कडक पट्टा घ्या.

एक उलटी वाटणारी गोष्ट: बऱ्याच जणांच्या अंगाला लांब नळी जास्त चांगली लपते, कारण पट्ट्याखाली जास्त लांबी असली की दस्ता आपोआप आत ढकलला जातो. ग्लॉक ४८ आणि ४३एक्सची फ्रेम एकच, ४८ ची नळी ४.१७ इंच आणि ४३एक्सची ३.४१. रेंजवर दोन्ही होल्स्टरसह लावून बघता आली तर बघा.

सावळा_डोंगर
मी पी३६५ च्या बाजूचा. कारण सरळ आहे: कायद्याच्या दृष्टीने पिस्तूल म्हणजे आतला फायर कंट्रोल युनिट, क्रमांक त्याच्यावर असतो. बाहेरचा प्लॅस्टिकचा दस्ता आणि स्लाइड बदलता येतात. आज एक्सएल घ्या, हिवाळ्यात जाकिटाखाली मोठा दस्ता हवा झाला तर फक्त ग्रिप मॉड्यूल मागवा. मूळ पी३६५ २०१८ साली १० गोळ्यांचं आलं, एक्सएल १२ गोळ्यांचं, मॅक्रो १७ चं. एवढ्या सडपातळ दस्त्यात एवढ्या गोळ्या ग्लॉकच्या मूळ मॅगझिनमध्ये मावत नाहीत, ४३एक्सचं मॅगझिन १० चंच आहे.

आणि सफाईसाठी उघडताना पी३६५ चा खटका दाबावा लागत नाही. ग्लॉकचा दाबावा लागतो. चेंबर रिकामं आहे का हे डोळ्यांनी आणि बोटाने न बघता खटका दाबला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

अजिंक्यतारा
सावळा_डोंगर, गोळ्यांचा मुद्दा मान्य. पण दोन गोष्टी राहिल्या.

छोट्या पिस्तुलात स्लाइड हलकी आणि रिकॉइल स्प्रिंग ताठ असते, तिची झीज लवकर होते. पी३६५ ची स्प्रिंग साधारण अडीच हजार गोळ्यांनंतर बदलायची. ग्लॉकच्या दुहेरी स्प्रिंगला लोक पाच हजारांपर्यंत वापरतात. सराव जास्त असेल तर हा हिशोब धरून चला.

दुसरं, दस्त्याचा कोन. ग्लॉकचा दस्ता मागे जास्त कललेला. वर्षानुवर्षं तोच हातात बसला असेल तर सिग किंवा स्मिथ उचलल्यावर नळी किंचित खाली बघते. लोखंडी साइटला हे लगेच कळत नाही, रेड डॉटला मात्र डॉट काचेच्या खालच्या कडेबाहेर जातो आणि माणूस तो शोधत बसतो. सरावाने जातं, पण त्या काळात घरी जुनं आणि कमरेला नवं असं आलटून पालटून चालवू नये. मनगट दोन्हीकडचं विसरतं.

निशिगंध
एवढी चर्चा कशाला? स्मिथचं ६४२ रिव्हॉल्वर घ्या. पाच गोळ्या, खिशात मावतं, कोंबडा बाहेर नाही की कापडात अडकेल, आणि मॅगझिनचा घोळ नाही.

सावळा_डोंगर
निशिगंध, खिशातल्या दुसऱ्या हत्यारासाठी चांगलंच आहे. पण पहिलं म्हणून? खटक्याची ओढ लांब आणि जड, साइट म्हणजे फ्रेमवर कोरलेली एक चर, आणि साडेचौदा-पंधरा औंसांतून .३८ स्पेशल +पी (जास्त दाबाची गोळी) मारली की हात झिणझिणतो. सराव कमी होतो तो याच कारणाने. ग्लॉकवरून येणाऱ्याने तर आणखीच विचार करावा.

निशिगंध
सराव कमी होतो हे खरं. पण पोटाला चिकटवून झाडलं तरी स्लाइड मागे ढकलली जाऊन अडकत नाही, हेही खरं. ज्याची गरज तशी.

जर्सीकर
धागा टेक्सासचा आहे, तरी ईशान्येकडच्या वाचकांसाठी. न्यू जर्सीत १० गोळ्यांवरचं मॅगझिन चालत नाही. म्हणजे मॅक्रोचा १७ चा फायदा इथे शून्य, आणि ४३एक्सची कमतरताही शून्य. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर इथे बाळगण्याचा परवाना सामान्य माणसाला मिळू लागला, पण पोकळ टोकाच्या गोळ्यांवरची बंधनं कायम आहेत. पॉलिमरने टोक भरलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ हॉर्नाडीची क्रिटिकल ड्यूटी, पोकळ टोकात धरत नाहीत. म्हणून पिस्तूल निवडताना ते त्याच गोळीवर चालतं का हे तपासा. इलिनॉयमध्ये पिस्तुलाच्या मॅगझिनला १५ ची मर्यादा आहे. दुसऱ्या राज्यातून गाडीने जाताना हे आकडे आधी बघून निघा.

रानपाखरू
प्रश्न थोडा वेगळा. एच-१बी वर आहे, टेक्सासमध्ये. रेंजवर भाड्याने घेऊन शिकायला सुरुवात केली तर चालेल ना?

पिंपळपान (डॅलस)
रानपाखरू, थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणंच मना आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे यात आले. यूएस कोडच्या शीर्षक १८ मधलं कलम ९२२(जी)(५)(बी) बघा. रेंजवरची भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगणंच. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो आधी हातात असायला हवा आणि त्याची मुदत चालू हवी. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं, पण ती सूट ज्याला मुळात बंदूक ठेवता येते त्यालाच. दुकानात भराव्या लागणाऱ्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो आणि तिथे खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा. ग्रीन कार्डच्या अर्जाची फाइल चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही.

मोरपीस
हा प्रतिसाद ठळक करून धाग्याच्या वर लावायला हवा. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं.

घाटमाथा (पुणे)
इकडून एक सावधगिरी. रेंजला नेलेली बॅग घेऊन भारतात येऊ नका. शिवणीत, बाजूच्या कप्प्यात एखादं जिवंत काडतूस राहतं आणि परतताना मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये सापडतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळाही येतो. 'बाळगल्याची जाणीव नव्हती' हा बचाव न्यायालयात टिकू शकतो, पण तोवर गुन्हा नोंद, विमान हुकलेलं आणि पासपोर्टची काळजी. रिकामी पुंगळीसुद्धा ठेवू नका, समजावत बसावं लागतं. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि प्रवासाला ती काढूच नका.

अवांतर: इथे ९ एमएम निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे वरची एकही निवड आमच्या उपयोगाची नाही. परवानाधारकापुढे मुख्यतः .३२ च असतं, कानपूरचं रिव्हॉल्वर किंवा .३२ एसीपीचं अशनी पिस्तूल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणून 'आधी घेऊन बघू, नाही जमलं तर विकू' हे इथे होत नाही.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)
घाटमाथा, पिंपळपान, मनापासून आभार.

मूळ प्रश्नाला जोडून आणखी एक. गणपतीत, लग्नात कुर्ता-पायजमा असतो. नाडीच्या पायजम्याला पट्टा नाही. तेव्हा काय करता?

पिंपळपान (डॅलस)
पट्ट्याशिवायची सोय म्हणजे फिल्स्टरचं एनिग्मा किंवा तशीच रचना. प्लॅस्टिकच्या पट्टीला होल्स्टर जोडलेलं, तिला स्वतःचा पातळ पट्टा आणि मांडीभोवती एक दोरी. पायजमा तिच्यावरून. कुर्ता लांब असल्यामुळे लपतं उत्तम, पण काढायला वेळ लागतो: डाव्या हाताने कुर्त्याचा बराच मोठा घेर छातीपर्यंत वर ओढावा लागतो. चेंबर रिकामं ठेवून घरी हे करून बघा, म्हणजे कुठे अडतं ते कळेल. पंगतीत मांडी घालून बसायचं असेल तर छोटी नळी बरी.

पण मूळ मुद्दा वेगळाच. आपल्या मंडळांचे कार्यक्रम बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात असतात. टेक्सासचा परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत नेणं गुन्हा आहे. शाळेपासून हजार फुटांच्या आतल्या संघराज्याच्या बंदीतून परवानाधारकाला सूट मिळते, विनापरवाना बाळगणाऱ्याला नाही. त्या दिवशी घरी तिजोरीत ठेवा. गाडीत ठेवायचंच असेल तर चेसिसला केबलने बांधलेली कुलूपपेटी हवी. ग्लव्ह बॉक्स म्हणजे चोराची सोय.

रातराणी
हात लहान असलेल्यांसाठी एक चाचणी. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, दस्ता तळव्यात असा धरा की नळी आणि मनगटाचं हाड एका रेषेत येईल. आता बोटाचं पहिलं पेर खटक्याच्या मधोमध पोचतं का? टोकच पोचत असेल तर दाबताना नळी डावीकडे ढकलली जाईल. १९ वर हे अनेकींना होतं, ४३एक्स आणि पी३६५ वर क्वचित.

दुसरी, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकते का. दोन्ही अंगठे पुढे ठेवून धरलं की उजव्या हाताचा अंगठा स्लाइड स्टॉपवर बसतो आणि स्लाइड अडकतच नाही. लोक मॅगझिनला दोष देतात. छोट्या दस्त्यावर हे जास्त होतं, कारण अंगठ्याला जागाच उरत नाही.

तिसरी, स्लाइड ओढणं. बोटांच्या चिमटीने ओढू नका. तळहाताने वरून पकडा आणि पिस्तूल पुढे ढकला. तरीही जड गेलं तर स्मिथची शील्ड ईझेड बघा, तिची स्प्रिंग मुद्दाम हलकी आहे.

घाटमाथा (पुणे)
रातराणी यांचा प्रतिसाद साठवून ठेवला. खटक्यावरच्या बोटाची चाचणी .३२ लाही तशीच लागू पडते.

अजिंक्यतारा
रेड डॉटबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि खर्च तिथेच वाढतो.

तिन्ही छोट्या पिस्तुलांची डॉटसाठीची खाच आरएमएससी या ठरलेल्या छोट्या मापाची किंवा त्याच्या जवळची. होलोसनची ५०७के किंवा ईपीएस कॅरी त्याच कुळातली, पण मागचे दोन उंचवटे तिला नको असतात. ४३एक्स एमओएसवर ते असतात, म्हणून मध्ये पातळ प्लेट लागते. ती घ्या, उंचवटे घासत बसू नका. मूळ एक्सएलमध्ये मागची साइट झाकणपट्टीवरच असते, डॉट बसवला की ती जाते. तेव्हा मागे खाच असलेला डॉट निवडा. बॅटरी बंद पडली तर काहीतरी हाताशी राहील.

बसवताना स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसा, निळं लॉकटाइट एक थेंब, टॉर्क डॉटच्या पत्रकाप्रमाणे, सहसा १२ ते १५ इंच-पाउंड. नुसत्या हाताने आवळू नका. मग स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूला मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. आणि ग्लॉकवर हे नक्की करा: उजवीकडचा स्क्रू लांब असेल तर तो खाली एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणारा आकडा) खिळीवर दाबतो. पिस्तूल रिकामं असताना बोटाने एक्स्ट्रॅक्टर बाहेर ढकला, तो टचकन परत यायला हवा. रेंगाळला तर पुंगळ्या अडकणार, आणि दोष गोळ्यांना जाणार.

सावळा_डोंगर
उत्तम. ४३एक्समध्ये १५ गोळ्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या पोलादी मॅगझिनबद्दलही सांगा.

अजिंक्यतारा
पोलादी मॅगझिनला ग्लॉकचा प्लॅस्टिकचा मॅगझिन कॅच झिजतो, म्हणून धातूचा कॅच बसवावा लागतो. तो बसवला की मूळ प्लॅस्टिक मॅगझिनची खाच झिजू लागते. म्हणजे एक बाजू धरावी लागते. सरावाला चालतील. कमरेला कारखान्याचंच मॅगझिन असावं असं माझं ठाम मत, आणि त्यासाठी ५ गोळ्या कमी झाल्या तरी चालतील.

सावळा_डोंगर
तिथेच तर माझा मुद्दा सिद्ध होतो. एक्सएलला हे काहीच करावं लागत नाही.

अजिंक्यतारा
हो, या एका बाबतीत सिग पुढे आहे.

रातराणी
कृष्णाकाठ, निवड करायची पद्धत सांगते. रेंजवर तिन्ही भाड्याने घ्या आणि सोबत आपलं १९ न्या. बी-८ टार्गेट (गुणांची वर्तुळं छापलेलं), १० यार्ड, १० गोळ्या, १० सेकंद. आधी १९ वर गुण काढा, मग प्रत्येक नव्यावर. पाठोपाठ दोनदा, क्रम उलटा करून, कारण दमल्यावर शेवटच्या पिस्तुलावर अन्याय होतो. १९ ला ९० येतात आणि नव्याला ८०-८५, तर ते सरावाने भरून निघतं. ७० च्या खाली गेलं तर तो दस्ता तुमच्या हाताचा नाही.

विकत घेतल्यावर लगेच कमरेला लावू नका. साध्या ११५ किंवा १२४ ग्रेनच्या तीन-चारशे गोळ्या, मग जी रोज भरणार त्याच गोळ्या किमान शंभर, बाळगायच्या प्रत्येक मॅगझिनमधून. पहिल्या शंभरात एखादी अडली तर नवेपणा म्हणा. पुढे अडली तर मॅगझिनवर क्रमांक टाका आणि बघा तेच पुन्हा अडतं का.

पिंपळपान (डॅलस)
यात एक भर. रोज रात्री उतरवून सकाळी तीच गोळी चेंबरमध्ये चढवली की तिचं टोक दर वेळी रॅम्पवर, म्हणजे चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आपटतं आणि पुंगळीत मागे सरकतं. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. टेबलावर नव्या गोळीशेजारी ती उभी करून बघा, बुटकी दिसली तर ती वापरू नका. उत्तम म्हणजे पिस्तूल होल्स्टरसकट उतरवा आणि तसंच तिजोरीत ठेवा, चेंबरला हात लावायची गरजच पडत नाही.

कृष्णाकाठ (ह्यूस्टन)
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: आधी १९ लाच क्लॉ आणि जाडी बदलता येणारी वेज असलेलं होल्स्टर आणि कडक पट्टा. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आत बसतं, म्हणजे नव्या पिस्तुलाच्या तिसऱ्या हिश्श्यात. त्यानंतरही दस्ता दिसला तर उंचीचं कारण पक्कं झालं, मग एक्सएल किंवा शील्ड प्लस, आणि ४३एक्स यादीतून बाहेर. रातराणींची १० यार्डांची चाचणी दोन्हींवर करणार.

एकच शंका उरली. १९ वर टीएलआर-७ दिवा लावून ते घरच्या तिजोरीत ठेवायचं ठरवलं, तर दिव्यासकटचं होल्स्टर दिव्याशिवायही चालतं का?

पिंपळपान (डॅलस)
नाही. त्या होल्स्टरची पकड दिव्यावर असते, ट्रिगर गार्डवर नाही. दिवा काढला की पिस्तूल आत सैल पडतं, आणि दिव्याच्या जाडीसाठी ठेवलेल्या फटीतून बोट खटक्यापर्यंत पोचू शकतं. आधी दिव्याचं ठरवा, मगच होल्स्टर मागवा.

मोरपीस
आणि होल्स्टर मागवताना पिढीही लिहा. तिसऱ्या पिढीच्या साच्यात पाचवी बसेलच असं नाही.